अमेरिकी सुपरमार्केटमधले ‘स्वस्त’ मांस महाग का झाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून, आणि शिक्षणासाठी तिथे गेलेल्या मुलांकडून तर विशेषच, एक तक्रार वारंवार ऐकू येते. जे मांस परवडते म्हणून घ्यायचे, तेच आता हात आखडून घ्यावे लागते. चिकनचे विंग्ज (पंख), ब्रिस्केट (गाय-बैलाची छाती), ऑक्सटेल (शेपटी), स्कर्ट स्टेक (छाती-पोटामधला पडदा), लँब शँक (कोकराच्या पायाची नळी) ही त्यातली ठळक नावे आहेत. महागाई सर्वच गोष्टींची झाली हे खरे असले, तरी या कटांचे, म्हणजे मांसाच्या या भागांचे, भाव चांगल्या मानल्या जाणाऱ्या कटांच्या तुलनेतही वर सरकले आहेत आणि त्यामागची कारणे वेगळी आहेत. त्या कारणांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘स्वस्त कट’ म्हणजे नेमके कोणते?

जनावराचे जे स्नायू सतत काम करतात, ते घट्ट आणि धागेदार असतात व त्यांत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. मान, खांदा, छाती, पायाच्या नळ्या, शेपटी आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा हे असे भाग होत. याउलट पाठीच्या कण्यालगतचे स्नायू फारसे राबत नाहीत, त्यामुळे ते मऊ राहतात; रिब-आय, स्ट्रिप आणि टेंडरलॉइन हे प्रसिद्ध स्टेक तिथलेच. गाय-बैलाच्या सोललेल्या धडात कण्यालगतचा हा मऊ भाग साधारण एकचतुर्थांशच भरतो. उरलेल्या तीन हिश्शांतले बरेचसे मांस पूर्वी स्वस्तात जाई किंवा थेट खिम्यात जाई. कोंबडीच्या बाबतीत ब्रेस्ट, म्हणजे छातीचे मांस, हा मानाचा भाग ठरला आणि पंख, पाय, मान हे बाकीचे झाले.

चवीला कमी नसतानाही हे कट पूर्वी स्वस्त का होते?

चवीला ते मुळीच कमी नव्हते, आणि अनेक जाणकारांच्या मते अधिकच सरस होते. त्यांना लागत होता तो वेळ. कोलॅजनचे जिलेटिन होण्यासाठी मांस मंद आचेवर कित्येक तास ठेवावे लागते, आणि नोकरीवरून घरी येऊन अर्ध्या तासात जेवण उरकणाऱ्या घराला ते जमत नाही. शिवाय हाडे वेगळी करणे, चरबी काढणे, पातळ पडदा सोलणे ही कामेही येतात. म्हणून ज्या घरांकडे पैसा कमी पण स्वयंपाकाची पिढीजात जाण होती, त्या घरांनी हे कट आपलेसे केले: टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या गुराख्यांनी, दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांनी, न्यूयॉर्कच्या ज्यू आणि कॅरिबियन वस्त्यांनी, लॉस एंजेलिसमधल्या कोरियन स्थलांतरितांनी. भाव कमी होता कारण मागणारे मोजके होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतात.

मागणी वाढली तर उत्पादक तो कट अधिक का काढत नाहीत?

या प्रश्नात सगळ्या विषयाची किल्ली आहे. शर्टाची मागणी वाढली तर कारखाना जास्त शर्ट शिवतो. मांसाचा एखादा कट मात्र स्वतंत्रपणे तयार होत नाही. तो अख्ख्या जनावराबरोबर येतो. घुसळणीतून लोणी जास्त हवे असेल तर ताकही तितकेच वाढणार, तसाच हा प्रकार आहे. एका बैलाला शेपूट एक, ब्रिस्केट दोन आणि बाहेरचे स्कर्ट दोन. एका कोंबडीला पंख दोन. ऑक्सटेलची मागणी दुप्पट झाली म्हणून कोणीही दुप्पट जनावरे कापणार नाही, कारण त्या जास्तीच्या जनावरांचे बाकीचे शेकडो किलो मांस कोणाला विकायचे हा प्रश्न लगेच उभा राहतो. जनावरे किती पोसायची आणि किती कापायची हे संपूर्ण धडाच्या एकत्रित किमतीवर ठरते, आणि त्यात शेपटीचा वाटा नगण्य असतो.

परिणामी या कटांचा पुरवठा जवळजवळ स्थिर राहतो आणि मागणीतल्या वाढीचा सगळा भार किमतीवर पडतो. गिऱ्हाइकांची एखादी छोटीशी नवी लाटही त्यामुळे भाव झपाट्याने वर नेते. भाव इतका वाढतो की काही गिऱ्हाइके मागे हटतात, आणि मागे हटणारी बहुधा तीच असतात ज्यांनी तो कट वर्षानुवर्षे सांभाळला. खर्च वाढल्यामुळे भाव वाढला, असे सरसकट उत्तर दुकानदार देतात ते या कटांपुरते अपुरे आहे. त्या शेपटीला पोसण्याचा खर्च बाकीच्या बैलाइतकाच वाढला. भाव मात्र तिचा अधिक वाढला.

चिकन विंग्ज ब्रेस्टइतके महाग कसे झाले?

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बार नावाचे उपाहारगृह आहे. तिथे १९६४ मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवून दिले, अशी प्रचलित हकिकत आहे. त्यापूर्वी पंखांचा उपयोग मुख्यतः सूपसाठी होई. पुढच्या काळात अमेरिकी ग्राहक हाडे आणि कातडी काढलेल्या ब्रेस्टकडे वळला. कोंबड्या ब्रेस्टसाठी वाढवल्या जाऊ लागल्या आणि पंखांचे ढीग उरू लागले. स्वस्तात मिळणारे, खारट-तिखट आणि बिअर अधिक खपवणारे हे खाणे क्रीडा दाखवणाऱ्या बारना तर वरदानच वाटले. बफेलो वाइल्ड विंग्ज ही साखळी १९८२ मध्ये आणि विंगस्टॉप ही १९९४ मध्ये सुरू झाली. उरलेसुरले विकण्यावर उभा राहिलेला हा धंदा इतका वाढला की उरलेसुरले उरेचना.

अमेरिकेत वर्षाला ९०० कोटींहून अधिक कोंबड्या मांसासाठी वाढवल्या जातात. तरीही २०२४ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने सुमारे १४५ कोटी विंग्ज फस्त होतील, असा अंदाज तिथल्या नॅशनल चिकन कौन्सिलने वर्तवला होता. दोन पंखांच्या हिशेबाने पाहिले तर हा आकडा सत्तर कोटींवर कोंबड्यांचा होतो. २०२१ मध्ये, महासाथीत घरपोच विंग्जची मागणी चढलेली असताना आणि प्रक्रिया कारखान्यांत कामगार कमी असताना, घाऊक भावांनी उच्चांक गाठला. त्या वर्षी जूनमध्ये विंगस्टॉपने ‘थायस्टॉप’ नावाने चक्क मांडीचे मांस विकायला काढले. संपूर्ण कोंबडी कशी खपवायची हे कोडे एका कंपनीने असे जाहीरपणे सोडवण्याचा प्रयत्न करावा, याची मौज वाटते.

‘बोनलेस विंग्ज’ या नावाने जे मिळते ते पंख नसून ब्रेस्टच्या मांसाचे तुकडे असतात, हेही येथे सांगून ठेवावे. ब्रेस्ट स्वस्त आणि पंख महाग अशी उलटी स्थिती आल्यावर हा पदार्थ उपाहारगृहांच्या विशेष सोयीचा ठरला.

स्कर्ट स्टेक आणि फहीता यांचा संबंध काय?

दक्षिण टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या रँचांवर काम करणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून जनावराचे डोके, आतडी, कातडे आणि छाती-पोटामधल्या पडद्याचा पट्टा दिला जाई. तो पट्टा निखाऱ्यावर भाजून, आडवा कापून टॉर्टिया या मेक्सिकन पोळीत गुंडाळला की झाला फहीता. सॉनी फाल्कन यांनी १९६९ मध्ये टेक्सासमधल्या काइल गावी फहीता-टाकोचा ठेला लावला. १९७३ मध्ये ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो यांनी आपल्या उपाहारगृहात तसेच भाजलेले टाको सुरू केले. ऐंशीच्या दशकात साखळी उपाहारगृहांनी तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारा फहीता देशभर नेला आणि खाटीक जो पट्टा खिम्यात टाकत, त्याचा भाव वधारला.

त्यात जपानची भर पडली. जपानमध्ये गोमांसाच्या आयातीवर कोटा होता, पण पडद्याचा हा स्नायू तिथे अवयवांच्या वर्गात मोडत असल्याने तो कोट्याबाहेर राहिला आणि तिकडचे व्यापारी तो आनंदाने उचलू लागले. आज अनेक ठिकाणी ‘फहीता’ म्हणून फ्लँक, सर्लॉइन असे दुसरे कट किंवा चक्क चिकन दिले जाते, त्याचे कारण चवीपेक्षा हिशेबात आहे. मूळ पट्टा आता त्या गुराख्यांच्या वंशजांनाही सणावारीच परवडतो.

ब्रिस्केटच्या बाबतीत काय घडले?

ब्रिस्केट म्हणजे छातीचा स्नायू. ज्यू घरांत तो सणाला मंद आचेवर शिजे, आयरिश-अमेरिकी घरांत खारवून कॉर्न्ड बीफ होई. टेक्सासमध्ये लाकडाच्या धुरावर तो बारा-बारा तास भाजण्याची पद्धत रुजली. लॉकहार्टसारख्या गावातल्या जुन्या दुकानांत पूर्वी अख्खे पुढचे धड येई आणि जे हाताशी असेल ते भाजले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीपी या कंपनीने मांस कारखान्यातच कापून, निर्वात पिशव्यांत बांधून खोक्यांतून पाठवण्यास सुरुवात केली. त्यामुळे एखाद्या उपाहारगृहाला धड न घेता केवळ ब्रिस्केटची खोकी मागवता येऊ लागली. बार्बेक्यूचा प्रसार व्हायला या खोक्यांनी मोठा हातभार लावला, असे माझे मत आहे. एकच कट देशभर कोठेही, हवा तितका मागवता आला नसता तर ब्रिस्केट टेक्सासपुरते राहिले असते.

ऑस्टिनमध्ये २००९ मध्ये एका ट्रेलरवर सुरू झालेल्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर तासन्‌तास रांगा लागू लागल्या आणि या मांसाला प्रतिष्ठा आली. २०१३ मध्ये आर्बीज या देशव्यापी साखळीने ब्रिस्केट सँडविच आणले. हजारो दुकानांच्या एकाच साखळीने एका कटावर बोट ठेवले की घाऊक बाजार कसा हलतो, हे तेव्हा दिसले. आता घरोघरी धुराच्या भट्ट्या आल्या आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपूर्वी ब्रिस्केटचा भाव चढतो.

ऑक्सटेल इतके महाग का? त्यात तर निम्मे हाडच असते.

असतेच, आणि म्हणूनच या वाढीची तक्रार सर्वांत रास्त वाटते. जमैकन घरांत बटर बीन्सबरोबर शिजवलेले, कोरियन घरांत पांढरट सूप होईपर्यंत उकळलेले, दक्षिण आफ्रिकेत आणि फिलिपिन्समध्ये आपापल्या परीने आवडीचे असलेले ऑक्सटेल अमेरिकेत फार काळ खाटकाच्या काउंटरचा अगदी कोपऱ्यातला माल होते. पौंडाला दहा डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वरचा भाव आता अनेक शहरांत दिसतो, आणि त्या भावात चांगला स्टेक मिळावा अशी अपेक्षा असते. कॅरिबियन उपाहारगृहांचा प्रसार, समाजमाध्यमांवरच्या पाककृती आणि हाडांचा रस पिण्याची २०१४ नंतर वाढलेली टूम ही सारी कारणे एकाच शेपटीवर येऊन पडली. पुरवठ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट कट शोधून सापडणार नाही. त्यात २०२० नंतर जनावरांची संख्याच घटली, म्हणजे शेपट्याही घटल्या.

ज्या समाजांनी हा पदार्थ टिकवला त्यांनाच तो परवडेनासा व्हावा, हा बाजाराचा नियम म्हणून समजावता येतो. न्याय म्हणून समजावता येत नाही.

म्हणजे सगळा दोष उपाहारगृहांचा आणि फॅशनचा आहे का?

नाही. २०२० नंतरच्या वाढीत दुष्काळाचा मोठा वाटा आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत गाई-बैलांची एकूण संख्या सुमारे ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतरची ती तोपर्यंतची सर्वांत कमी संख्या. २०२० ते २०२३ या काळात पश्चिमेकडच्या आणि मैदानी राज्यांत कुरणे वाळली, चारा महागला आणि शेतकऱ्यांनी वासरे देणाऱ्या गाईसुद्धा कत्तलखान्यात धाडल्या. त्यातच मेक्सिकोत मांसभक्षक स्क्रूवर्म माशीचा प्रादुर्भाव झाला. तिथून दरवर्षी दहा लाखांवर तरुण जनावरे अमेरिकेत येत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आयात प्रथम थांबवण्यात आली, काही काळ सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा बंद झाली.

याचा सर्वांत स्पष्ट परिणाम खिम्यावर दिसतो. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या गोमांसाचा जवळजवळ अर्धा भाग खिम्याच्या रूपात जातो, आणि गरीब-मध्यमवर्गीय घराचा खरा ‘स्वस्त कट’ तोच आहे. सरकारी आकडेवारीनुसार त्याचा सरासरी भाव २०२० च्या सुरुवातीला पौंडाला ४ डॉलरच्या आत होता. जून २०२५ मध्ये त्याने प्रथमच ६ डॉलरची रेषा ओलांडली. धान्यावर पोसलेल्या जनावरांच्या छाटणीत चरबी फार असते, म्हणून तिच्यात म्हाताऱ्या गाईंचे किंवा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्राझीलमधून आणलेले कमी चरबीचे मांस मिसळावे लागते. देशात गाई कमी आणि २०२५ मध्ये आयातीवर नवी जकात, अशा दुहेरी कोंडीत खिमा सापडला. ब्राझिलियन गोमांसावर ऑगस्टमध्ये लादलेली जादा जकात नोव्हेंबरमध्ये उठवण्यात आली, पण काउंटरवरचा भाव इतक्या लवकर उतरत नाही.

मोठ्या कंपन्या संगनमत करून भाव वाढवतात का?

संशय निराधार नाही. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्या धान्यावर पोसलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के कापतात. २०२० मध्ये महासाथीमुळे कारखाने बंद पडले तेव्हा शेतकऱ्याला मिळणारा भाव पडला आणि ग्राहकाने मोजायचा भाव चढला. मधला फायदा या कंपन्यांकडे राहिला. २०२२ मध्ये जेबीएसने भावासंबंधीचा एक दावा ५ कोटी २५ लाख डॉलर देऊन, दोष मान्य न करता, मिटवला.

मात्र २०२४ आणि २०२५ मधल्या महागाईला हेच स्पष्टीकरण लावणे योग्य होणार नाही. जनावरांची टंचाई झाल्यावर पारडे शेतकऱ्याकडे झुकले आणि कंपन्यांना जनावरासाठी अधिक पैसे मोजावे लागले. टायसनच्या गोमांस विभागाने २०२४ च्या आर्थिक वर्षात तोटा दाखवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टन येथील सुमारे ३,२०० कामगारांचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. एकाच बाजारात चार वर्षांच्या अंतराने दोषी बदलतो, हे पचायला जड जाते, पण वस्तुस्थिती तशी आहे.

अमेरिकेतले लोक खात नाहीत ते भागही महाग का?

कारण ते खाणारे लोक दुसऱ्या देशांत आहेत. बीफ टंग जपानमध्ये इतकी आवडीने खाल्ली जाते की अमेरिकी काउंटरवर तिचा भाव पाहून नवख्याला धक्का बसतो. यकृताचा मोठा भाग इजिप्तला जातो, पोटाचे मांस मेक्सिकोला. कोंबडीच्या पायांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. चीनने बर्ड फ्लूच्या कारणावरून २०१५ मध्ये अमेरिकी कोंबडीवर घातलेली बंदी नोव्हेंबर २०१९ मध्ये उठवली आणि जे पंजे कमी किमतीत रेंडरिंगला, म्हणजे टाकाऊ भागांपासून चरबी काढणाऱ्या कारखान्यांना, जात होते त्यांना पुन्हा मोठी बाजारपेठ मिळाली. सूपसाठी पंजे शोधणाऱ्या घराची स्पर्धा आता शांघायमधल्या घराशी आहे.

एखादा स्वस्त कट उद्योगाने मुद्दाम महाग केला, असेही घडले आहे का?

घडले आहे आणि उघडपणे घडले आहे. २००० च्या सुमारास नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी, गोमांस उत्पादकांच्या निधीतून, खांदा आणि मागच्या धडातला एकेक स्नायू वेगळा काढून त्याचा मऊपणा मोजला. खांद्यातला एक स्नायू टेंडरलॉइनखालोखाल मऊ निघाला. अडचण होती ती त्याच्या मधोमध जाणाऱ्या चिवट पडद्याची. तो पडदा काढून दोन सपाट पट्टे करण्याची रीत बसवली आणि ‘फ्लॅट आयर्न’ नावाचा स्टेक जन्मला. जे मांस पूर्वी खिमा किंवा पॉट रोस्ट म्हणून जाई, ते स्टेकच्या भावात जाऊ लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे उत्तम काम झाले; धडाचे मोल वाढले. स्वस्त रोस्ट घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या रोस्टमधला सर्वांत चांगला तुकडा निघून गेला.

ब्रिटनमध्येही असेच आहे का?

बऱ्याच अंशी. लँब शँक ही तिथली ठळक कथा आहे. १९९० च्या दशकात गॅस्ट्रोपबच्या, म्हणजे चांगले जेवण देणाऱ्या पबच्या, पाट्यांवर ती आली आणि खाटकाकडची फुटकळ नळी ताटातला मुख्य पदार्थ बनली. लंडनमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेल्या सेंट जॉन या उपाहारगृहाने भाजलेल्या नळीतल्या मगजाला प्रतिष्ठा दिली. गोवंशीय मेंदूरोगाच्या भीतीने डिसेंबर १९९७ ते डिसेंबर १९९९ या काळात हाडासकट गोमांस विकण्यावर तिथे बंदी होती आणि ऑक्सटेल कायदेशीररीत्या मिळतच नव्हते. त्या अनुपस्थितीनंतर ते परतले ते जुन्या भावाने मात्र नाही.

आमच्या घरी गोमांस खात नाहीत. या सगळ्याचा आम्हाला काय फरक पडतो?

फरक पडतो, फक्त दोन पायऱ्या उतरून पडतो. खिमा महागला की अमेरिकी कुटुंब चिकनकडे वळते, आणि आपल्या रश्श्याला लागणारे हाड काढलेले थाय (मांडीचे मांस) याच कुटुंबांच्या टोपलीत जाते. एके काळी अमेरिकेला पायाचे मांस खपवण्याची चिंता होती आणि नव्वदच्या दशकात ते जहाजे भरून रशियाला जाई. आज थाय अनेक पाककृतींत ब्रेस्टच्या जागी आले आहे. लँबची स्थिती अशी की अमेरिकेतले निम्म्याहून अधिक लँब ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून येते, आणि शँकवर उपाहारगृहांची नजर असतेच. बोकडाचे मांसही मुख्यतः ऑस्ट्रेलियातून गोठवून येते, त्यामुळे डॉलरचा दर, तिकडचा पाऊस आणि जहाजभाडे यांचे पडसाद न्यू जर्सीतल्या हलाल दुकानाच्या पाटीवर उमटतात.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हलाल दुकानात ‘करी कट’ म्हणून सगळ्या अंगाचे मिसळ तुकडे एकाच भावाने मिळतात. त्या पद्धतीत कोणत्याही एका भागाची फॅशन तुमच्या खिशाला थेट भिडत नाही.

महाराष्ट्रात कटांचे असे वेगवेगळे भाव का दिसत नाहीत?

कारण आपल्याकडचा मटणवाला बहुतेक ठिकाणी धड तराजूवर एका भावाने विकतो. नळी, चॉप, सीना, कलेजीचा तुकडा हे ओळखीच्या गिऱ्हाइकाने मागून घ्यायचे असते. त्यात पैशापेक्षा संबंध चालतो. मुंडी, पाय आणि वजडी तेवढी स्वतंत्र विकली जातात, आणि पायांचे सूप सांगितलेल्या घरांना त्यांचा भाव चढल्याचे जाणवतेच. मोठ्या शहरांत ऑनलाइन विक्रेत्यांनी कटाप्रमाणे पाकिटे आणली आहेत. तिथे सुपरमार्केटचे गणित हळूहळू लागू होईल, असे दिसते.

पाकिटावरचा भाव वाचताना काय पाहावे?

पौंडाचा भाव हा खाण्याजोग्या मांसाचा भाव नसतो. न छाटलेले अख्खे ब्रिस्केट स्वस्त दिसते, पण छाटणी आणि शिजताना होणारी घट धरली तर विकत घेतलेल्या वजनाचे जेमतेम निम्मे ताटात येते. समजा त्याचा भाव पौंडाला ५ डॉलर असेल, तर प्रत्यक्षात पौंडभर शिजलेल्या मांसाला १० डॉलर पडले. ऑक्सटेलचा हिशेब याहून कठोर निघतो. उलट हाड आणि कातडीसकट घेतलेल्या थायमध्ये हाड रश्श्याला कामी येते, कातडीतले तेल निघते आणि हाड काढण्याची मजुरी वाचते. घरात धारदार सुरी असेल तर अख्खी कोंबडी त्याहूनही परवडते. छाटलेली चरबी फेकली तर तिचे पैसे फेकले, ही बाब विशेषतः ब्रिस्केट घेणाऱ्याने विसरू नये.

प्रेशर कुकरने फरक पडत नाही का?

पडतो, आणि तो दोन्ही दिशांनी पडतो. मराठी स्वयंपाकघराला कुकरचे नवल नाही; बोकडाच्या मटणाला शिट्ट्या किती द्यायच्या यावर घरोघरी मतभेद असतात. अमेरिकेत मात्र २०१० मध्ये इन्स्टंट पॉट हा विजेवरचा प्रेशर कुकर बाजारात आला आणि ज्या घरांना तीन तास वेळ नव्हता त्यांनाही शँक आणि खांद्याचे चक रोस्ट जमू लागले. या कटांची स्वस्ताई वेळेच्या किमतीवर टिकून होती. वेळ वाचवणारे यंत्र आले तशी त्या सवलतीची जागा आकसत गेली, असे मला वाटते.

आता खरोखर स्वस्त काय उरले आहे?

चिकनचे लेग क्वार्टर, म्हणजे मांडी आणि तंगडी एकत्र, अजूनही बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्त मांसात मोडतात. डुकराचा खांदा हा मोठा, चरबीदार आणि शिजवताना थोडे चुकले तरी सांभाळून घेणारा कट आहे. विंदालूला किंवा सोरपोतेलला तो उत्तम चालतो आणि गोव्याकडच्या घरांना हे सांगण्याची गरज नाही. चिकनच्या गिझार्डना, म्हणजे आपल्या पेटाला, अद्याप कोणी प्रसिद्ध केलेले नाही. बीफ हार्टही तसेच दुर्लक्षित आहे, पण कापायला सराव लागतो. पोर्क बेली मात्र या यादीत धरू नये. बेकनच्या मागणीने तिला केव्हाच वर नेले; शिकागोच्या वायदेबाजारात १९६१ पासून २०११ पर्यंत तिचे सौदे होत.

भाव पुन्हा खाली येतील का?

कोंबडीचे येतात. मांसाची कोंबडी सहा-सात आठवड्यांत तयार होते, म्हणून २०२१ मध्ये आभाळाला भिडलेले विंग्ज २०२२ मध्ये बरेच उतरले. गोमांसाला तशी घाई करता येत नाही. कळप वाढवायचा तर कालवडी कत्तलीला न पाठवता राखाव्या लागतात; त्या मोठ्या होऊन गाभण राहणार, नऊ महिन्यांनी वासरू होणार आणि ते बाजारात येण्यास आणखी दीड वर्ष लागणार. या काळात कालवडी मागे ठेवल्यामुळे कत्तल आणखी घटते, म्हणजे कळप वाढू लागला की भाव आधी चढतो आणि मग उतरतो. कळप वाढला तरी शेपटी प्रत्येकी एकच राहणार असल्याने ऑक्सटेल जुन्या भावाला येण्याची आशा धरू नये.

तोवर ज्यांना ब्रिस्केट हवेच आहे त्यांनी मार्चकडे लक्ष ठेवावे. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेसाठी सुपरमार्केट खारवलेले ब्रिस्केट गिऱ्हाईक ओढण्यासाठी कमी नफ्यावर लावतात, आणि सण उलटल्यावर उरलेली पाकिटे आणखी उतरवतात. ती गोठवून ठेवता येतात; शिजवण्यापूर्वी मात्र पाणी बदलत रात्रभर भिजवावीत, नाहीतर मीठ फार लागते.